होपफुली म्हणजे नक्की

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी कामावर गेलो तर आमच्या खोक्यांच्या कारखान्याच्या गेटला कुलूप. कुलपाच्या वर कागद चिकटवलेला, इंग्रजीत. कागदासमोर अख्खी पहिली पाळी उभी. कटिंगवाले, पंचिंगवाले, शिलाईच्या बाया, सगळे. कोणीतरी ओरडलं, डिक्शनरी आला, वाट द्या. लगेच वाट मिळाली. (कारखान्यात मला डिक्शनरी म्हणतात. आदरानं.)

चष्मा पुसला. घाई केली नाही. कागद चार ओळींचा. पहिल्या तीन ओळी किरकोळ : ऑर्डरी नाहीत, आजपासून काम बंद, पगाराचं मागाहून कळवू. खरी ओळ चौथी. होपफुली, द प्लांट विल रिझ्यूम वर्क आफ्टर द रिव्ह्यू. म्हणजे आढावा घेऊन झाला की कारखाना पुन्हा सुरू होईल. होईल! विल! मोठ्यानं सांगितलं. लोकांच्या जिवात जीव आला.

शिलाईची एक बाई म्हणाली, मग सुरुवातीला ते होपफुली कशाला घातलंय? प्रश्न चांगला होता. उत्तर त्याहून चांगलं दिलं. होपफुली हे क्रियाविशेषण. क्रियाविशेषण क्रिया कशी झाली ते सांगतं, झाली की नाही ते त्याच्या हातात नसतं. आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर छडी आपटून सांगायचे, 'तो रडत जेवला.' आता रडत जेवो, हसत जेवो, जेवला की नाही? सगळे एका सुरात म्हणाले, जेवला. झालं तर मग. कारखाना आशेनं सुरू होईल. आशेनं होईल, रुसून होईल, धापा टाकत होईल, पण होईल. क्रिया पक्की.

दोघातिघांनी हात जोडले. डिस्पॅचच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं चलनं फाडतोय, पण आज पहिल्यांदा ज्ञान कामी आलं.

संकल्प : सुट्टी वाया घालवायची नाही. पहाटे पाचला उठणे. फिरणे. शुद्ध इंग्रजीवर एक छोटी पुस्तिका लिहिणे आणि गेट उघडेल त्या दिवशी कामगारांत फुकट वाटणे.

४ फेब्रुवारी
उठलो आठ दहाला. पण पाचला जाग आली होती. म्हणजे तत्त्वतः उठलो, फक्त उभा राहिलो नाही.

रात्री जेवताना कन्येशी वाद. ती कुरिअर कंपनीत तक्रारींच्या डेस्कवर बसते, लोक पार्सलाच्या नावानं शंख करतात आणि ही त्यांना टाइप करून उत्तरं देते. म्हणाली, बाबा, हा शब्द मी दिवसाला शंभरदा टाइप करते. पार्सल कुठे मेलंय ते कोणालाच माहीत नसलं ना, की लिहायचं, होपफुली उद्या मिळेल. मी म्हणालो, मग मिळतं की नाही उद्या? म्हणाली, कधी कधी. मी म्हणालो, बघ! यावर तिनं ताट उचललं.

या पिढीनं भाषेची माती केली. शब्द कुठेही ठोकायचे, बूड ना शेंडा. ज्या वाक्यात आशा करणारा माणूसच नाही त्यात होपफुली आलाच कसा, याचा विचार नको का? आशा करणारा कोणी नाही, म्हणजे तो शब्द क्रियेलाच चिकटलेला. दुसरीकडे जाणार कुठे?

बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, तुम्ही दोघं भांडताय कशाला, मराठीत काय ते सांगा ना. मी म्हणालो, मराठीत त्याला नेमका शब्द नाही. म्हणाली, आहे की. 'बघू.' शिंप्याला विचारलं ब्लाउज कधी, तर तो म्हणतो तेच.

हिचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. सोडून दिलं.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
खळमास्तर येऊन गेला. बायकोला घेऊन आला होता, म्हणजे काम महत्त्वाचं.

याच्याविषयी इथं लिहून ठेवायला हवं. पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटवायला स्टार्चची खळ लागते. ती हा शिजवतो. आज ढगाळ आहे, जरा दाट ठेवू, असं म्हणून पळी फिरवतो आणि ती खळ कधी सुटत नाही. अंगाला कायम भिजल्या पिठाचा वास. इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण ज्याला येतं त्याची किंमत आहे. डबा आम्ही दोघं एकत्र खातो. मी बोलतो, तो ऐकतो. अशी मैत्री टिकते.

तर त्याला लांबच्या एका शहरातून निरोप आलाय. तिथेही खोक्यांचाच कारखाना. खळ शिजवणारा हवाय, राहायला खोली देतील, आठवड्यात हो-नाही कळवा. म्हणाला, भाऊ, तुम्ही तो कागद वाचलाय. आपला कारखाना सुरू होणार असेल तर मला कुठे जायचं नाही. तुम्ही म्हणाल तसं.

मी पुन्हा सगळं समजावलं. रडत जेवला. त्यानं ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. रडत जेवला, पण जेवला. चेहरा उजळला. म्हणाला, मग राहतो.

वहिनींचा मात्र जीव तिकडेच होता. म्हणाल्या, भावजी, तुमच्यावर वेळ आली असती तर तुम्ही गेला असतात का? मी म्हणालो, वेळ माझ्यावरही आलीच आहे, आणि बघा, मी हललोय का? वहिनी चहा अर्धा ठेवून उठल्या.

आज एका माणसाचं घर उठता उठता वाचवलं. समाधान वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा आला होता. त्याचं नळ, बेसिन, कमोड यांचं दुकान आहे. मागच्या गोडाऊनवर माल उतरवून घ्यायला माणूस हवाय, या म्हणाला. मी हसून विषय बदलला. ज्याची नोकरी व्याकरणदृष्ट्या शाबूत आहे त्यानं कमोड मोजायचे? हिनं स्वयंपाकघरातून दोनदा खाकरून दाखवलं. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मेहुणा जाताना म्हणाला, जागा थोडे दिवस धरून ठेवतो. धरू दे. त्याच्या हाताला काम.

पुस्तिकेचं नाव ठरलं. मजकूर उद्यापासून.

१७ फेब्रुवारी
मॅनेजरला भेटलो. मागच्या दारानं आत गेलो, वॉचमन ओळखीचा. मॅनेजर केबिनमध्ये एकटाच, खोकं भरत होता. आपलंच खोकं, तीन पदरी. मी म्हणालो, साहेब, एवढ्या वजनाला पाच पदरी घ्या, बूड फाटेल. त्यानं आत आणखी दोन फायली कोंबल्या.

सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, साहेब, चौथ्या ओळीतल्या होपफुलीविषयी कामगारांत संभ्रम आहे. तो नक्की कुणाला लागू? कारखान्याला की मॅनेजमेंटला? म्हणाला, अहो डिक्शनरी, ती ओळ माझी नाही. वकिलानं घातली. तो म्हणाला, शेवटी काहीतरी बरं लिहा, नाहीतर लोक गेट तोडतील.

हे कळलं ते फार बरं झालं. वकील! म्हणजे शब्दन् शब्द तोलून लिहिलेला. वकिलानं 'विल' लिहिलं म्हणजे कोर्टात उभं राहील असंच लिहिलं असणार. माझा अर्थ कायद्यानंही टिकतो.

मॅनेजर भिंतीवरचं घड्याळही घेऊन गेला. कुंडीसुद्धा. सुट्टीत झाडाला पाणी कोण घालणार? माणूस जबाबदार आहे.

फिरायला जाणं आज झालं नाही, कारण मॅनेजरकडे जाताना चालणं झालंच होतं.

२४ फेब्रुवारी
कारखान्याची वीज तोडली. शहाणपणाचं. काम नाही तर मीटर कशाला पळवायचा?

लोकांना मात्र धीर नाही. शिलाईच्या बाया शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात लागल्या. पंचिंगवाला टेम्पो चालवतो. रस्त्यात दिसला, हाक मारली तर टेम्पोतूनच हात हलवून म्हणाला, काय डिक्शनरी, जेवला का तो? आणि हसत गेला. लक्षात ठेवलंय. गेट उघडल्यावर याला आठवण करून देणार.

एकटा खळमास्तर ठाम आहे. रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन कुलूप बघतो आणि मग माझ्याकडे येतो. मी विचारतो, काय? तो म्हणतो, तसंच. मग दोघं चहा घेतो. हल्ली साखर कमी असते. ही म्हणते, संपत आलीय. मी म्हटलं, प्रकृतीला चांगलंच.

२ मार्च, रविवार
लांबच्या त्या कारखान्यानं दुसरा माणूस घेतला. खळमास्तरनंच सांगितलं. म्हणाला, भाऊ, बरं झालं, डोक्यातला घोळ तरी संपला. आता इकडेच काय ते.

वहिनी लोकांकडे पोळ्या करायला जाऊ लागल्यात, असं हिच्याकडून कळलं. मला त्यानं सांगितलं नव्हतं. कष्टाला लाज कसली? पण मी दुखावलो थोडा. मित्रानं मित्राला सांगावं.

मेहुण्याकडची जागा गेली का, हे हिनं आज विचारलं. मी म्हणालो, मला काय ठाऊक. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, अजून आहे. मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं असं कन्या म्हणाली. मुद्दाम धरलं होतं.

१० मार्च
आनंदाची बातमी! गेट उघडलं!

खळमास्तर धावत सांगायला आला. मी पायात चपला सरकवल्या आणि तसाच निघालो. आत दोन ट्रक, एक क्रेन, सात-आठ अनोळखी माणसं. कागदाला लाटा पाडणारं आमचं मोठं यंत्र सुटं करायला घेतलंय. ओव्हरहॉलिंग! त्याचे दोन्ही रोलर झिजलेले होते हे मी खुद्द दोन वर्षं सांगत होतो. शेवटी कोणीतरी मनावर घेतलं.

काही भाग ते गॅसनं कापत होते, ते मला जरा घाईचं वाटलं. त्यांच्या मुकादमाला विचारलं, ओव्हरहॉलिंग ना? तो माझ्याकडे बघून आपल्या माणसांकडे वळला, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाला, हो काका, ओव्हरहॉलिंगच. वजनावर. सगळे हसले. का ते कळलं नाही. ट्रान्सपोर्टचं भाडं वजनावर असणार, त्यात हसण्यासारखं काय?

मुकादमाला यंत्र माहीत असलेला एक माणूस हवा होता, कुठला नट कुठे दडलाय ते दाखवायला. रोजावर. खळमास्तर माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, भाऊ, मी खळवाला, यंत्राचं काम माझं नाही. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, आत शिरायला मिळतंय ते आधी शीर. यंत्र परत येईल तेव्हा आतला माणूस पहिला. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि गेला.

घरी येऊन हिला सांगितलं, सुरू झालं! कन्या म्हणाली, बाबा, ते भंगारवाले आहेत. मी म्हणालो, भंगारवाला क्रेन आणतो का? म्हणाली, आणतो.

१४ मार्च
पुस्तिकेचं पहिलं पान लिहिलं. खोडलं. अर्पणपत्रिका आधी लिहावी म्हणून ती लिहिली. कामगारबंधूंना.

खळमास्तर संध्याकाळी दमून येतो. हाताला पिठाऐवजी ग्रीस. म्हणाला, भाऊ, त्या लोकांकडे बूट नाहीत, मोजे नाहीत, साखळी दिसली की अडकवतात आणि ओढतात. मी म्हटलं, थोडे दिवस काढ.

१९ मार्च
दुपारी वॉचमनचा फोन. मोठा रोलर ट्रकवर चढवताना साखळी सटकली. खळमास्तरच्या पायावर.

तिथे पोचलो तोवर त्याला नेलं होतं. एक चप्पल पडलेली. मुकादम कोणाशी तरी फोनवर बोलत होता, तो आमचा माणूस नाही, असा मधूनच आला होता म्हणून. मी म्हणालो, असा मधूनच नाही, मी पाठवला होता. मुकादम म्हणाला, मग तुम्हीच बघा.

२० मार्च
सरकारी दवाखाना. जनरल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. पायावर लाकडी चौकट आणि वरून चादर, त्यामुळे काही दिसत नाही. वहिनी उशाशी. पोळ्यांच्या कामावरून तशाच आल्या असाव्यात, पदराला कणीक.

डॉक्टर तरुण. डोळे तांबारलेले. चादर उचलून बघितलं, परत टाकली. म्हणाला, इन्फेक्शन आहे, पण औषधं चालू केलीत. होपफुली पाय वाचेल.

वहिनी रडायला लागल्या. तर खळमास्तर, ताप असूनही, हसला! कोपरावर उठायला बघत होता. म्हणाला, अगं रडतेस काय, ऐकलंस का, होपफुली म्हणाले. भाऊंना विचार त्याचा अर्थ. ते कसं वाचेल त्याच्याबद्दल आहे. वाचेल की नाही त्याच्याबद्दल नाहीच. हो ना, भाऊ?

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बघायला लागला. सलाइन लावणारी नर्ससुद्धा थांबली.

मी म्हणालो, व्याकरणानं तसंच आहे.

तो पुन्हा आडवा झाला. म्हणाला, बघ.

नंतर व्हरांड्यात डॉक्टरला गाठलं. विचारलं, डॉक्टर, तुमच्या वाक्यात आशा कोण करतंय? तुम्ही करताय, की पाय? तो म्हणाला, काय? मी म्हणालो, म्हणजे वाचेल ही क्रिया पक्की धरायची ना? तो म्हणाला, काका, आम्ही प्रयत्न करतोय. मी म्हणालो, ते क्रियाविशेषणात कुठे बसतं? त्यानं विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

मी म्हणालो, डिस्पॅच.

तोंडून तेच आलं.

२२ मार्च
वाचनालयात गेलो. घरची डिक्शनरी शाळकरी आहे. तिथली मोठी, दोन्ही हातांनी उचलावी लागते. शब्द सापडला. अर्थ दोन दिलेत. एक : आशेनं, आशापूर्वक. हा माझा. दोन : असं व्हावं अशी आशा आहे.

दुसरा बराच वेळ वाचला.

त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की काही लोकांना हा वापर पसंत नाही. म्हणजे मी एकटा नाही. शिवाय दोन नंबरचा अर्थ तो दोन नंबरचाच. आधी एक येतो. असं स्वतःला सांगत होतो, तेवढ्यात वाचनालयाचा माणूस दिवे घालवायला लागला.

घरी हिनं विचारलं, सापडलं का? म्हणालो, वाचनालय बंद होतं.

आठच्या सुमारास कन्या माझ्या खोलीत येऊन बसली. मग म्हणाली, बाबा, मी पण लोकांना लिहितेच ना. तिला काय म्हणायचं होतं कळलं नाही. उद्या विचारेन.

२५ मार्च
सकाळी कापला. गुडघ्याखालून.

२६ मार्च
दवाखान्यात जाऊन आलो. जाणार नव्हतो, डोकं दुखत होतं. हिनं डबा हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.

चादर आता एका बाजूला सपाट. तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो आणि तिकडेच बघितलं. खळमास्तर जागा होता. मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. जिना चढताना मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. साखळी, मुकादम, दवाखान्यातली हयगय. सगळी खरीच.

तो म्हणाला, भाऊ, मी रात्री पडल्या पडल्या विचार केला. तुमचं चुकलं नाही. त्या डॉक्टरचंच इंग्रजी कच्चं असणार. शब्द चुकीचा वापरला त्यानं.

मी म्हणालो, हो.

मग म्हणाला, पण आपल्या गेटवरचा कागद वकिलाचा आहे. त्यांचं पक्कं असतं.

मी हो म्हणालो.

ते तसंच सोडून उठता आलं असतं. पण त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. म्हटलं, खळीची टाकी अजून तिथेच आहे, मी पाहिली, ती नेलेली नाही. (पाहिलेली नाही.) टाकी ठेवलीय म्हणजे कारखाना चालवायचाच आहे. आणि खळ काय, स्टुलावर बसूनही शिजवता येते. कृत्रिम पाय मिळतात, मी इंग्रजीत अर्ज करतो. तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच म्हणाला, स्टूल उंच लागेल, टाकीचा काठ छातीपर्यंत येतो. मी म्हणालो, उंच करून घेऊ. त्यानं हातानं उंची दाखवली. बराच वेळ आम्ही त्या स्टुलाबद्दलच बोललो.

निघताना त्याला हुशारी आली होती. डबाही सगळा संपवला. माणसाला शब्दांचा केवढा आधार असतो. येताना बरं वाटलं.

३० मार्च, रविवार
गेटवर गेलो. टाकी खरंच आहे का बघायला.

गेटच नाही. तेही नेलंय. आत सगळं मोकळं, जमिनीत बोल्ट तेवढे वर आलेले. माझं टेबल होतं तिथे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग. टाकी कुठे होती ते नीट सांगता येईना. ढग दाटून आले होते.

त्याला एवढ्यात सांगायची गरज नाही. अशक्त आहे.

अर्जाचा मसुदा सुरू केला. टू हूम... इथपर्यंत.

२ एप्रिल
मेहुण्याच्या गोडाऊनवर सोमवारपासून जायचं ठरलं. तात्पुरतं, असं त्याला आधीच बजावलं. तो बरं म्हणाला. हिनं माझा जुना शर्ट काढून बटणं घट्ट केली. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, ते एक बरं.

कन्येनं पहिल्यांदाच स्वतःहून दवाखान्यासाठी फळं आणली. मला म्हणाली, तुम्ही नका देऊ, आईकडे द्या. घाईत असेल.

४ एप्रिल
खळमास्तरचा थोरला भाऊ गावाहून आला होता, असं कळलं. स्वतःची पिठाची गिरणी आहे म्हणे. याला, वहिनींना न्यायला आला होता. घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती. गिरणीवर बसून पैसे घ्यायचं काम, उभं राहायला नको. खळमास्तरनं त्याला परत पाठवलं. म्हणाला, मला इथं कामावर हजर व्हायचंय.

ऐकून मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. जेवण गेलं नाही. तोंडाला चव नव्हती.

६ एप्रिल, रविवार
आज ही म्हणाली, चला, दोघं जाऊ. उद्यापासून तुम्ही गोडाऊनवर, मग तुम्हाला वेळ व्हायचा नाही. अंघोळ केली, दाढी केली. वाटेत ठरवलं की आज फक्त इकडचं तिकडचं बोलायचं. हवा, शेजारचा म्हातारा, असं.

वॉर्डाच्या दारातच वहिनी भेटल्या. आम्हाला येताना खिडकीतून पाहिलं असावं, म्हणून बाहेर आल्या. हिच्या हातातला डबा घेतला. हिला म्हणाल्या, तुम्ही जा आत, ते जागे आहेत.

ही आत गेली. मीही निघालो तर वहिनींनी दाराला हात लावला. अडवला असं नाही. नुसता लावला.

म्हणाल्या, भावजी, रागावू नका. तुम्ही नका येत जाऊ आता.

मी म्हणालो, वहिनी, मी आज काहीच बोलणार नाही. नुसता बसेन.

त्या म्हणाल्या, बोलायला कशाला लागतं? तुम्ही दिसलात की ते पुन्हा आशेला लागतात. परवा तुम्ही येताय असं वाटून एका पायावर उभं राहून बघितलं. पडले. टाके उसवले. गिरणीवाले मोठे भावजी उद्या परत येणार आहेत. मी हातापाया पडून बोलावलंय. तेवढं एकदा मार्गी लागू दे.

आतून त्याचा आवाज आला. हिला विचारत होता, भाऊ नाही आले?

वहिनी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

ही आतून, दाराकडे बघत, म्हणाली, नाही, त्यांना बरं नाही.

मी चपला न वाजवता जिन्याकडे गेलो.